गोळी घेतलीस का?

मंगळवार, रात्री दीड

पिल्लू आत्ता कुठे झोपलंय आणि माझी झोप उडालीये, म्हणून लिहित बसलेय. आज आशाताई, म्हणजे इथल्या आशा सेविका, आल्या होत्या, बाळंतपणानंतरची 42 व्या दिवसाची भेट, म्हणजे नवजात बाळासाठीच्या भेटींतली शेवटची. बाळाला झोळीत घालून वजन केलं, काट्याभोवती अख्खं घर गोळा, आजीसुद्धा काठी टेकत आली. सगळं आटोपून ताई चप्पल घालता घालता वळल्या आणि मला म्हणाल्या, ताई तुमच्या लोहाच्या, कॅल्शियमच्या गोळ्या चालू आहेत ना? मी काही बोलायच्या आत आईच म्हणाली, आता कशाला, मोकळी झाली की ती!

तेव्हापासून हेच डोक्यात घोळतंय. पोटात बाळ होतं तेव्हा "गोळी घेतलीस का" हे दिवसातून किती वेळा ऐकलं असेल देव जाणे. पुण्याला सासूबाई विचारायच्या, ह्यांचा ऑफिसमधून मेसेज यायचा, वन्संचा फोन आला की पहिला प्रश्न तोच. वन्सं तर लग्न झाल्यापासूनच मागे होत्या की प्लॅनिंग करताय ना मग फोलिक ॲसिड आधीच सुरू कर, कारण बाळाचा मेंदू आणि मणका ज्या नळीतून बनतो ती नळी पहिल्या 28 दिवसांतच बंद होते आणि तोवर बऱ्याच बायकांना दिवस गेलेत हेच कळलेलं नसतं. पटलं मला ते. पहिले तीन महिने 400 मायक्रोग्रॅमची ती पिटुकली गोळी, तिचा काहीच त्रास नाही.

खरी मजा चौथ्या महिन्यापासून. सरकारी लाल गोळी, 60 मिलीग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फोलिक, वरून साखरेचं कोटिंग असलं तरी जरा तोंडात रेंगाळली की गंजलेला खिळा चोखल्यासारखी चव. सकाळी घेतली की मळमळ, म्हणून सिस्टरनी रात्री जेवणानंतर झोपताना घ्यायला सांगितली, ते जमलं. संडास डांबरासारखी काळी झाली तेव्हा मी घाबरून सिस्टरना फोन केला तर त्या हसायलाच लागल्या, अहो ते गोळीमुळेच, काळजी करू नका. हे आधी सांगायला काय होतं हो! किती जणी तेवढ्यावरूनच बंद करत असतील. बद्धकोष्ठाचं तर बोलूच नये, पेरू, पालेभाजी, तांब्याभर कोमट पाणी, आणि तरीही.

आणि चहा. आमच्याकडे चहा सोडायचा म्हणजे नाती तोडण्यापैकी आहे. पण चहा पोटात असला की लोह नीट अंगी लागत नाही, दुधाचं तेच, आणि कॅल्शियमची गोळी लोहाच्या गोळीबरोबर घेतली तर लोहाचं शोषण कमी. कॅल्शियम परत दिवसातून दोनदा, 500 मिलीग्रॅमची, जेवणाबरोबर. मग बसवा वेळापत्रक. सकाळी नाश्त्याला एक कॅल्शियम, दुपारी जेवताना दुसरी, पाचचा चहा झाला की त्यानंतर बंद, रात्री जेवणात लिंबू पिळून घ्यायचं आणि झोपताना लाल गोळी. सासूबाई जेवण झाल्यावर अर्धा कप घेतातच, आणि एकटं प्यायला त्यांना आवडत नाही, त्यामुळे "घोटभर घे गं" हे रोजचंच. तरी त्यांनीच एक दिवस माझा कप मांडायचा बंद केला, काही न बोलता. मला फार बरं वाटलं होतं.

तर एवढं सगळं करणाऱ्या ह्याच घरांत आता कुणी गोळीचं नाव काढत नाही. आणि कोर्स तर तेवढाच आहे, पोटुशी असताना 180 दिवस आणि बाळंतपणानंतर परत 180 दिवस, कॅल्शियमही सहा महिने. गंमत म्हणजे मी आज सिस्टरना फोन करून विचारलं की माझ्या गोळीतलं लोह दुधातून बाळाला जातं का. त्या म्हणाल्या, फारसं नाही, दुधात लोह मुळातच थोडं असतं आणि गोळी घेतली म्हणून ते वाढत नाही, बाळ नऊ महिन्यांत साठवून आणलेल्यावर पहिले काही महिने काढतं. कॅल्शियमचंही तसंच, मी खाल्लं नाही तरी दुधात ते उतरणारच, फक्त माझ्या हाडांतून काढून. म्हणजे आत्ताच्या ह्या गोळ्या माझ्यासाठी आहेत. सिझरमध्ये गेलेलं रक्त माझं, उठताना चक्कर येते ती मला. मग कोण कशाला विचारेल! (राग नाहीये, पण आहे थोडासा.)

आई म्हणते अळिवाचे लाडू खातेस ना, त्यात असतं की लोह. असतं, आणि लाडू तर मी सोडणारच नाही, डिंकाचे पण. पण दिवसाला एक लाडू खाऊन 60 मिलीग्रॅम कुठून येणार. मावशी आली होती रविवारी, तिचं वेगळंच, गोळ्या उष्ण पडतात, बाळाला दुधातून बाधतात. मी म्हटलं मावशी, तू तिखटजाळ रस्सा वाढलास तेव्हा नाही आठवलं उष्ण! ती फुगली आणि आईने माझ्याकडे डोळे वटारले.

गोळ्या चुकू नयेत म्हणून मी माझ्यापुरता जुगाड केलाय. पिल्लूचे डी व्हिटॅमिनचे ड्रॉप कुणीच विसरत नाही, 400 युनिटचा तो थेंब पाजायला तर भांडणं होतात, म्हणून माझी कॅल्शियमची स्ट्रिप त्याच्याच डब्यात टाकलीये. ड्रॉप काढले की गोळी समोर. लोहाची मात्र उशाशी, रात्रीच्या फीडच्या पाण्याच्या बाटलीजवळ.

गुरुवारी दीड महिन्याची लस आहे, तेव्हा माझंही हिमोग्लोबिन बघू म्हणाल्यात सिस्टर. सातव्या महिन्यात 10.2 होतं, आता 12 च्या वर हवं. लाल गोळ्या संपत आल्यात, उपकेंद्रात नसल्या तर बाहेरून आणाव्या लागतील. दादाला नाव कागदावर लिहून दिलंय, कारण मागच्या वेळी लोहाची आण सांगितलं तर मेडिकलवाल्याने कॅल्शियमच दिलं आणि ह्याने तसंच उचलून आणलं.