तारा आल्या

दुपारी जेवून जरा पाठ टेकली होती. बाहेर आषाढातला पाऊस, पागोळ्यांची एकसुरी धार. अंगणातून कुरिअरवाल्याने हाक मारली आणि बायको तिथूनच ओरडली, "अहो, तुमच्या तारा आल्या!"

ओटीवर सुपारी कातरत बसलेल्या काकीचा अडकित्ता थांबला. "कोणाची तार इली रे?"

"तार न्हय गो काकी. गिटारीच्यो तारो."

"मगे ठीक," म्हणाली. पण अडकित्ता लगेच काही सुरू झाला नाही.

सरकारने तारसेवा जुलै 2013 मध्ये बंद केली. वेंगुर्ल्यात ती काकीपुरती अजून चालू आहे. घरातली निम्मी माणसं मुंबईला, मनिऑर्डरीवर घर चालणार, आणि एरवी पत्र पुरे असताना कुणी शब्द मोजून पैसे भरलेत म्हणजे काय असणार? शुभेच्छांच्याही तारा असायच्या म्हणे. आमच्या वाडीत कधी आलेली मला आठवत नाही. आमच्याकडे यायची ती "सीरिअस, ताबडतोब निघा" अशी. सीरिअस म्हणजे काय ते वाडीतल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. पोस्टमन अवेळी बेड्यातून आत शिरला, की कागद उघडायच्या आधीच चुलीपुढून हंबरडा.

असो. पाकीट घेऊन मी ओटीवरच बसलो.

खरं तर या तारांना तारा म्हणणंच चूक. क्लासिकल गिटारीच्या बारीक तीन तारा नुसत्या नायलॉनच्या. जाड तिघींच्या पोटातही नायलॉनचेच धागे; वरून तेवढी चांदीचा मुलामा दिलेली तांब्याची तार गुंडाळलेली. त्याआधी तात असायची, मेंढीच्या आतड्याची, सारंगीला असते तशीच. मग दुसरं महायुद्ध आलं आणि जखमांना टाके घालायला तात लागू लागली, गिटारवाल्यांना मिळेना. सेगोवियासारखा जगभर फिरणारा वादकही हवालदिल. अखेर न्यूयॉर्कच्या आल्बर्ट ऑगस्टीन नावाच्या कारागिराने ड्यू पाँट कंपनीच्या नायलॉनपासून तारा बनवल्या. हे नायलॉन कंपनीने 1938 मध्ये जाहीर केलं तेव्हा त्याचे दातांचे ब्रश होत होते, मग बायकांचे पायमोजे. मला या गोष्टीचं भारी बरं वाटतं. इतकं नाजूक वाद्य आणि जीव कशावर, तर ब्रशाच्या केसावर.

माझ्या जुन्या तारा वर्षभर तशाच होत्या. खाऱ्या हवेत जाड तारा आधी तांबूस होतात, मग काळ्या, आणि बोटं टेकतात तिथे हिरवट. मुंबईला होतो तेव्हा सहा महिने सहज निघायचे, इथे दोन महिन्यांत मडकं वाजवल्यासारखा आवाज. तरी मी चालढकल करतो. आळस आहेच, पण कोऱ्या तारांचा खणखणाट मला सोसत नाही. नव्या स्टीलच्या भांड्यांतून जेवल्यासारखं वाटतं. पंधरा दिवस वाजवून जरा मऊ झाल्या की मग त्या माझ्या. हे कुणा वादकाला सांगू नये, हसतात.

तारा बदलायच्या त्या एकेक करून. सहाही एकदम उतरवल्या तर गिटार मोडत नाही, पण सहाजणींची मिळून ओढ असते 40 किलोच्या आसपास. जवळजवळ तांदळाची गोण ती पातळ फळी रात्रंदिवस पेलून असते. एकदम मोकळी सोडली की तिलाही चुकल्यासारखं होत असणार. (स्टीलच्या तारा चढवल्या तर मात्र ओढ जवळपास दुप्पट होते आणि घोडी, म्हणजे तारा बांधायची लाकडी पट्टी, उपटून हातात येते. मला एका दुकानदाराने "काही होत नाही हो" म्हणत त्याच दिल्या होत्या. नशीब, घरी येऊन पाकीट वाचलं.)

सगळी कला घोडीवरच्या गाठीत. भोकातून तार मागे ओवायची, वळवून तिच्याच खालून घ्यायची आणि पीळ द्यायचे. जाड तारेला एक पुरतो, बारकीला तीन, आणि शेवटचा पीळ घोडीच्या मागच्या कडेवरच बसला पाहिजे. एकदा मी पहिल्या तारेला एकावरच भागवलं. तार चढवता चढवता गाठ सुटली आणि शेपटी अशी सणकन बसली, की लाकडावर नखाएवढा वण राहिला. तो अजून आहे.

पहिली बसली, दुसरी बसली. काकी मघापासून बघत होती.

"ता तंगूस मां?"

तंगूसच की. आमच्या बंदरावर मासे पकडायची गरी टाकायला वापरतात तोच नायलॉनचा दोरा. रंग तोच, वळवळ तीच, मुठीतून निसटायची खोडही तीच.

गरीची गाठ मला दहाव्या वर्षी येत होती, आणि ती येण्याचं कारण गिरणी संप. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. पहिले दोन महिने काका मुंबईतच होता, मग शिमग्याला म्हणून घरी आला आणि राहिला. वर्षातून आठ दिवस दिसणारा माणूस रोज घरात दिसू लागल्यावर आम्हां पोरांना संप म्हणजे मोठी सुट्टी वाटली. मोठी माणसं मात्र जेवताना बोलेनाशी झाली. काका संध्याकाळचा मला घेऊन बंदरावर जायचा. गरीला सुंगट लावायचं, टाकायचं आणि बसायचं. तांबोशी लागली तर लागली. मागावर तुटलेला धागा जोडणारी त्याची बोटं; गरीच्या नेढ्यातून तंगूस घालून पीळ द्यायला त्याला बघावंही लागत नसे. आवळायच्या आधी मात्र गाठ तोंडात घेऊन ओली करायचा. कोरडी गाठ आवळली की घासून तापते आणि नेमकी तिथेच तुटते, म्हणायचा. मी गाठ मारली की हातात घेऊन खसकन ओढायचा. सुटली की परत माझ्याकडे.

पुढच्या वर्षी पावसाच्या तोंडावर तो गेला मुंबईला, गिरणीत नाही तर दुसरीकडे कुठे काही मिळतं का बघायला. कोकण रेल्वेला अजून पंधरा वर्षं होती; एसटीने गेला. तार गणपतीच्या आधी आली.

तिसरी तार सगळ्यात हट्टी. चांगली मिलिमीटरभर जाड. ताणावी तितकी ताणते आणि सुरात लावून मान वळवेपर्यंत अर्धा सूर खाली. तीन पीळ दिले, गाठ तोंडाशी नेली, ओली केली, आवळली.

अडकित्ता पुन्हा थांबला.

"ह्या तुका कोणी शिकयल्यान?"

गिटारीला याची काही गरज नसते. खुंटी पिळायची, तार आपोआप आवळत जाते. कुठल्याही गिटारवाल्याला विचारा.

"आठवत नाय गो," मी म्हणालो.

काकी काही बोलली नाही. तिसरी तार तोवर पुन्हा उतरली होती.