नाक मुरडण्याआधी

"मला त्याची घाण नाही वाटत रे, मला फक्त पोटभर जेवायचंय."

मित्र आज एवढंच बोलला आणि आम्ही सगळे गप्प. ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा कॅन्सर, त्यासाठी बोन मॅरो (हाडातला मगज) ट्रान्सप्लांट झालेला, पुढ्यातलं जेवण चमच्याने नुसतं इकडून तिकडे करत होता. विषय निघाला होता निरोगी माणसाच्या शी-मधले, म्हणजे विष्ठेतले, जंतू पेशंटच्या आतड्यात सोडायच्या उपचाराचा, आणि सगळ्यांनी नाकं मुरडली होती.

पण बघा ना, केमो, वर इन्फेक्शन होऊ नये म्हणून अँटिबायोटिक्सचा मारा, त्यात आतड्यातले चांगले जंतूही मरतात आणि मग नको ते जंतू तिथे ठाण मांडून बसतात. २०२० साली न्यूयॉर्क, डरहॅम, रेगेन्सबर्ग आणि सप्पोरो इथल्या तेराशेहून जास्त ट्रान्सप्लांट पेशंटचा अभ्यास आला, ज्यांच्या आतड्यात जंतूंची विविधता जास्त त्यांच्यात मृत्यू कमी.

धोका आहेच. २०१९ मध्ये अमेरिकेत दात्याच्या शी-मधून औषधांना दाद न देणारा ई. कोलाय नावाचा जंतू पेशंटमध्ये गेला आणि एक पेशंट दगावला, तोही असाच ट्रान्सप्लांटवाला. ज्याची प्रतिकारशक्तीच शून्यावर आलीय त्याला दुसऱ्याचं काहीही देताना कडक तपासणी हवीच, यात तडजोड नाही.

म्हणूनच मला न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग या कॅन्सर हॉस्पिटलचा २०१८ चा प्रयोग फार पटतो, ट्रान्सप्लांटच्या आधी पेशंटचीच शी गोठवून ठेवली, नंतर त्यालाच परत दिली, आणि जंतू बरेचसे पूर्वीसारखे झाले.

आपण रक्त साठवतो, स्टेम सेल्स साठवतो, मग हे साठवायला कसली लाज?