हातचा न लागणारी संख्या

मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर नऊ वेळा एक दाबायचा आणि त्याचा वर्ग करायचा. काही फोन १.२३४५ असं काहीतरी अर्धवट दाखवतात, पुढे दहाचा सोळावा घात चिकटवतात आणि मोकळे होतात. सगळी गंमत तिथेच जाते.

हा गुणाकार हातानेच करावा. ठाण्याला विंडो सीट मिळाली तर डोंबिवली यायच्या आत होतो, आणि कागद म्हणून विजेच्या बिलाची कोरी बाजू पुरते. १११११११११ हीच ओळ नऊ वेळा लिहायची, दर वेळी एक घर डावीकडे सरकवून. मग बेरीज. उजवीकडच्या पहिल्या रकान्यात एक, दुसऱ्यात दोन, असं चढत चढत नवव्यात नऊ, आणि तिथून उतरण. उत्तर : १२३४५६७८९८७६५४३२१. उलटं वाचलं तरी तेच. शाळेत ज्या हातच्याने आपले मार्क खाल्ले, तो अख्ख्या गुणाकारात एकदाही फिरकत नाही! माझा हा उद्योग बघून शेजारचे काका म्हणाले, "एवढं बिल? मीटर बदलून घ्या हो."

पण हे नऊ थरांपर्यंतच. गोविंदांनी हौसेने आणखी एक थर चढवावा तसा दहावा एक घेतला, की मधल्या रकान्यात दहा होतात, हातचा निघतो आणि उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडचा आठ गायब, मध्ये दोन शून्यं.

आपल्या सतरा अंकी संख्येत अंकांची बेरीज ८१. तिला ८१ने भागही जातो; मात्र त्याचं श्रेय बेरजेला देऊ नये, तो नियम नवापर्यंतच चालतो. खरं कारण पोटात आहे. नऊ एकांची संख्या म्हणजे ३ × ३ × ३७ × ३३३६६७; तिचा वर्ग केला की त्यातल्या नवाचे ८१ होतात. 'सदतीस त्रिक एकशे अकरा' पाठ असलेल्यांना ३७ लगेच भेटतो, ३३३६६७ मात्र शोधावा लागतो. आणि तो चक्क मूळ संख्या आहे.

अशा संख्यांच्या कुळाला 'डेम्लो' हे नाव दिलं गणिती दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी. जन्म १९०५, डहाणूचा. नोकरी देवळालीत शाळामास्तरची. जीआयपी, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेवर, मुंबईपासून ३० मैलांवरच्या डेम्लो स्टेशनात त्यांना ही कल्पना सुचली. डेम्लो म्हणजे आजचं डोंबिवली, असं म्हणतात. ३० मैल म्हणजे ४८ किलोमीटर, अंतर तर बरोबर जुळतं. त्या फलाटावर आज उभं राहायला जागा मिळाली तरी पुष्कळ, कल्पना कुठली सुचतेय!

काहीजण नाक मुरडतात : हा सगळा दशमान पद्धतीचा खेळ, संख्येचा स्वतःचा गुण नव्हे. निम्मं खरं आहे. ३, ३७ आणि ३३३६६७ कुठल्याही पद्धतीत लिहा, अवयव तेच राहतात. अंकांचा डोलारा तेवढा पद्धतीप्रमाणे बदलतो. सोळाच्या पद्धतीत, जिथे हातचा दहाऐवजी सोळाला निघतो, तर तो पंधरा एकांपर्यंत हातच्याशिवाय उभा राहतो. तो करून बघायचा तर डोंबिवली पुरायची नाही, कर्जत लोकलच धरावी लागेल.