मागच्या भिंतीजवळचं टेबल

आमच्या शाळेच्या माजी खेळाडूंचा मेळावा दरवर्षी भरतो. भाषणं आटोपली की सगळ्यांचे पाय आपोआप हॉलच्या मागच्या भिंतीकडे वळतात. तिथे लांबलचक टेबलावर प्रत्येकाने घरून आणलेला ठेवा मांडलेला असतो. खिळे झिजलेले स्पाइक्स, पिवळी पडलेली कात्रणं, छातीवर लावायचे कापडी नंबर, आणि एक स्कोअरबुक, ज्यात माझे शून्य धावांचे डावही जपलेले आहेत.

टेबलाचा कारभार पीटीच्या सरांकडे. त्यांचा नियम एकच: चिठ्ठीशिवाय वस्तू ठेवायची नाही. कोणाची, कुठल्या सामन्यातली, कोणत्या सालची, सोबत कोण होतं, सगळं लिहायचं. बाकीचंही मी त्यांच्याकडूनच शिकले. वर्तमानपत्राचा कागद स्वस्त लगद्याचा, उजेडात लवकर पिवळा पडून ठिसूळ होतो. म्हणून कात्रणाची प्रत काढायची आणि मूळ अंधारात ठेवायचं. फोटोमागे पेनने नाही, मऊ पेन्सिलीने, तेही कडेला आणि हलक्या हाताने लिहायचं. जर्सी कपाटात टाकण्याआधी धुवायची, कारण घामाचे डाग कापड खातात. एकाने चांदीचा मुलामा दिलेलं पदक दरवर्षी घासून लखलखीत करून आणलं आणि काही वर्षांत त्यावरची अक्षरंच पुसट झाली. तेव्हा सर फार हळहळले होते. काळपटपणा चालेल, म्हणाले, अक्षरं गेली तर काय उरलं?

ते एकदा बलबीर सिंग सीनियर यांच्याबद्दल बोलले होते. हॉकीत ऑलिंपिकची तीन सुवर्णपदकं जिंकणारा हा माणूस. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमधला आपला कर्णधाराचा ब्लेझर आणि इतर पदकं त्यांनी संग्रहालयासाठी विश्वासाने देऊन टाकली आणि पुढे ती गहाळ झाली. सांगताना सरांचा आवाज बसला. त्या दिवसापासून टेबलावरच्या प्रत्येक वस्तूची वहीत नोंद होते आणि मेळावा संपला की जो तो आपली वस्तू सही करून घरी नेतो.

पण मला सगळ्यात जवळचा आहे तो आमच्या आधीच्या रिले संघाचा फोटो. चौघी ओळीने उभ्या. तिघींची नावं सरांना पाठ होती. चौथीने मान वळवलेली, चेहरा अर्धाच दिसतो. तिच्या चिठ्ठीवर कितीतरी वर्षं नुसतं प्रश्नचिन्ह होतं. मला ते पाहवत नसे. इतकं धावून शेवटी प्रश्नचिन्ह?

मग एका मेळाव्याला एक मुलगी आली. आईचं सामान आवरताना तिला आमच्या शाळेचा नंबर छापलेला कापडाचा तुकडा सापडला होता. आई आता नव्हती आणि शाळेतल्या धावण्याबद्दल घरात कधी बोललीही नव्हती. मुलगी टेबलापाशी येऊन त्या फोटोपुढे थांबली. चौथीच्या छातीवर तोच नंबर होता. बॅटन डाव्या हातात.

"आई डावरी होती," ती म्हणाली.

सरांनी समजावलं, की शेवटची धावपटू बहुतेक वेळा बॅटन डाव्याच हातात घेते, डावरी असो वा नसो. मग तिला खुर्ची दिली, फोटो उलटा केला आणि पेन्सिल तिच्या हातात ठेवली. तिने आईचं माहेरचं नाव लिहिलं. अगदी हलक्या हाताने, कडेला.