दोन पॉइंटच्या मधले 25 सेकंद

टेनिसपटू फेडररचा तो आकडा काही केल्या डोक्यातून जात नाही. 2024 मध्ये डार्टमथ कॉलेजच्या पदवीदान समारंभात त्याने स्वतःच सांगितलं होतं: कारकिर्दीत 1,526 एकेरी सामने, त्यांतले जवळजवळ 80 टक्के जिंकले, पण पॉइंट जिंकले ते फक्त 54 टक्के. एवढा मोठा खेळाडू, आणि जवळपास निम्मे पॉइंट गमावतच होता! आज सरावाला आलेल्या मुलांना हे सांगितलं तेव्हा सगळी गप्पच झाली.

'स्वतःवर विश्वास ठेव' असं आपण मुलांना सारखं सांगतो. ठेवायचा म्हणजे नेमकं करायचं काय, हे मात्र कुणी सांगत नाही. मला याचा राग येतो.

आमच्यातल्या एका मुलीची दुसरी सर्व्हिस आज बराच वेळ बघत होते. पहिली नेटमध्ये गेली की तिचे खांदे वर चढतात, रॅकेटवरची मूठ आवळते, टॉस, म्हणजे सर्व्हिससाठी वर फेकलेला चेंडू, डोक्याच्या मागे जातो. मग चेंडू मारला जात नाही, नुसता ढकलला जातो. सर्व्हिस येत नाही म्हणावं, तर एकटी असली की टोपलीभर चेंडू सुरेख मारते. स्कोअर सुरू झाला की हात आखडतो. जे अंगवळणी पडलंय त्यावर मन पहारा द्यायला लागतं आणि लय जाते.

याना नोवोत्नाचं हेच झालं होतं. 1993 ची विम्बल्डनची फायनल, समोर स्टेफी ग्राफ, तिसऱ्या सेटमध्ये 4-1 अशी आघाडी, 5-1 व्हायला एक पॉइंट हवा, आणि डबल फॉल्ट, म्हणजे दोन्ही सर्व्हिस चुकल्या. तिथून सामना हातातून गेला. 1997 ला ती पुन्हा फायनलमध्ये हरली. 1998 ला जिंकली. त्या मधल्या वर्षांत ती प्रत्येक वेळी त्याच गवतावर परत उतरत राहिली, याचं मला जिंकण्यापेक्षाही जास्त कौतुक वाटतं.

धीर धर म्हटल्याने धीर येत नसतो. हाताला काहीतरी काम द्यावं लागतं. दोन पॉइंटच्या मध्ये 25 सेकंद मिळतात, ती मी तिला वाटून दिली: आधी पाठ फिरवायची, रॅकेटच्या तारा सारख्या करायच्या, लांब श्वास सोडायचा, चेंडू कुठे टाकायचा ते ठरवायचं, मग चेंडू आपटायचा. ठरलेलं बदलायचं नाही.

"ताई, पण भीती तर तशीच राहते."

"राहू दे की. टॉस वर जातोय ना?"

गेला. तीन-चारदा तर अगदी हवा तिथे.

उद्या तिला फक्त दुसरीच सर्व्हिस करायला लावणार आहे, स्कोअर लावून, बाकीची मुलं बघत असताना. नेटमध्ये गेली तरी चालेल, बाहेर गेली तरी चालेल. ढकललेली मात्र आत पडली तरी मोजायची नाही.