बाबांची सीडी

सीडी ड्राइव्हमध्ये तीनदा घरघरली आणि थांबली. वर मार्करने बाबांच्याच अक्षरात लिहिलंय, 'बारसं, २००४'. उजेडात धरली, तर कडेचा चंदेरी थर पोपड्यासारखा सुटलेला.

घरी राइट केलेल्या सीडीत माहिती रंगाच्या पातळ थरात असते. उजेडाने, उष्णतेने तो रंग विटत जातो. मी मात्र वीस वर्षं निर्धास्त होते.

आई शेजारीच आजीची पाळण्यांची वही चाळत बसली होती. १९६२ची, शाईच्या पेनाने लिहिलेली. म्हणाली, "हिला नुसतं उघडलं की झालं गं."

बाबांचा आवाज फक्त त्या सीडीत होता.

आज फोनमधलं सगळं दोन हार्डडिस्कवर घेतेय. एक भावाकडे पुण्याला ठेवणार.

तुमच्या जुन्या सीड्या शेवटच्या कधी लावून बघितल्यात?