खंड्या का उकरतो, याचं उत्तर माळीदादांच्या पिशवीत होतं

आमचा कुत्रा खंड्या बागेत दोन ठिकाणी उकरायचा. पारिजातकाखालच्या खड्ड्याचं कोडं दोन दिवसांत सुटलं. एप्रिलच्या उन्हात खंड्याला गार माती हवी होती; पडवीत ओलं पोतं अंथरलं, स्वारी तिथं पसरायला लागली.

गुलाबाच्या वाफ्यानं मात्र माझे दोन महिने खाल्ले. सकाळी दार उघडावं तर रोप आडवं, मुळं उघडी आणि खंड्याच्या नाकावर माती. मी ओरडायचे, तो शेपूट घालायचा. (ओरडून काहीही होत नाही. रात्रीच्या उकराउकरीबद्दल सकाळी रागावलं तर त्याला एवढंच कळतं, की ही बाई सकाळी सकाळी चिडते.) फेरी वीस मिनिटांवरून पाऊण तासावर नेली. दमली ती मी. संत्र्याच्या साली पसरल्या, त्या त्यानं बाजूला सारल्या. शेजारच्या काकूंनी मिरचीपूड सुचवली, पण तीच पंजानं डोळ्यांत गेली तर? नकोच.

माळीदादा दर रविवारी रोप पुन्हा लावून द्यायचे. "वहिनी, जातच तसली त्याची." मलाही ते पटत चाललं होतं.

एका रविवारी चहा द्यायला म्हणून मी वाफ्याशीच थांबले. खड्ड्यात त्यांनी पिशवीतून मूठभर पांढरट पूड टाकली.

"हे काय?"

"बोनमील. मुळं धरायला."

म्हणजे हाडांचा चुरा! दर रविवारी आम्ही कुत्र्याच्या नाकासमोर हाडं पुरत होतो आणि वर त्यालाच शिव्या देत होतो. मी म्हटलं, सांगायचं नाही का? तर म्हणाले, "तुम्ही विचारलंत कुठं?" यावर काय बोलणार! अजून आठवलं की डोकं फिरतं.

पिशवीत एरंडीची पेंडही निघाली. जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला तर ते आधी मलाच ओरडले. एरंडीत रायसिन नावाचं विष असतं, कुत्र्यानं पेंड खाल्ली तर जिवावर बेतू शकतं. घरात कुत्रं असेल तर खताच्या पिशव्या आजच तपासा, बाकी सगळं नंतर.

वाफ्याची माती वीतभर काढून टाकली, नवी भरली, खत म्हणून फक्त कुजलेलं शेणखत. वरून दोन बोटं मातीखाली कोंबडजाळी. मागच्या कोपऱ्यात वाळूचा ढीग करून त्यात त्याचा चेंडू पुरला. उकरायची हौस आता तिथं भागते.

आणि हो, जाळीच्या कडा खाली वळवा. मी तशाच सोडल्या होत्या. खंड्याला काही झालं नाही, धनुर्वाताचं इंजेक्शन मला घ्यावं लागलं.